कोरडी बादली

सिअ‍ॅटलमधल्या तीन आठवड्यांत बघायची म्हणून ठरवलेली सगळी ठिकाणं बघून झाली. स्पेस नीडल, डोंगर, धबधबे. फोटो फोनमध्ये पडून आहेत, त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सांगायचंय ते जवळच्या इसाक्वा गावातल्या सॅमन हॅचरीबद्दल, म्हणजे सॅमन माशांची अंडी उबवून पिल्लं वाढवतात त्या केंद्राबद्दल, जिथे जायला मी सरळ नाही म्हटलं होतं. "मासे मी ताटात बघते," असं लेकाला ऐकवलंही. ऑक्टोबरचा पाऊस, उसनं जॅकेट, त्यात गुडघा. पण गाडीत बसवलं की बसायचं, एवढंच पाहुण्या आईच्या हातात असतं.

हॅचरी 1936 सालची, गावाच्या अगदी मध्यात, ओढ्याकाठी. पुलावरून खाली पाहिलं आणि पहिल्यांदा निराशाच झाली. चंदेरी मासे उसळ्या मारताना दिसतील असं वाटलं होतं. खाली होते ते काळपट-तांबूस, शेपट्या झिजलेले, अंगावर बुरशीचे पांढरे डाग असलेले चिनूक, म्हणजे समुद्रातून अंडी घालायला परतलेले एका जातीचे सॅमन. गोड्या पाण्यात शिरले की ते खाणं सोडतात, अंगातल्या चरबीवरच वर चढतात. बांधापाशी अडले की शिडीसारख्या टप्प्याटप्प्यांच्या वाटेने आतल्या हौदात. एक मासा मात्र शिडी सोडून बांधावरच धडका देत होता. पोरं टाळ्या वाजवत होती. मला ते आवडलं नाही.

मग आत अंडी काढायला सुरुवात झाली. हौदातून मादी उचलली, डोक्यात एक दणका, पोट चिरलं, आणि नारिंगी गाभोळी सर्रकन बादलीत. हजारो दाणे, एकेक मोठ्या वाटाण्याएवढा. मी मान फिरवली. मासे खाणाऱ्या बाईने मान फिरवावी, हे माझं मलाच हसू आलं.

पण बादलीकडे परत लक्ष गेलं, कारण तिथला माणूस ती पुन्हापुन्हा पुसत होता. सगळीकडे पाणी, पावसाचं, ओढ्याचं, हौदाचं, आणि हा एक बादली कोरडी ठेवायला धडपडतोय! शेजारच्या स्वयंसेवक आजींना विचारलं. त्या म्हणाल्या, नराचं वीर्य पाण्याला लागलं की जेमतेम मिनिटभर जिवंत असतं, म्हणून आधी कोरड्यातच मिसळायचं, मग पाणी. तोवर त्याने नराचं पोट दाबून दुधासारखी धार अंड्यांवर सोडली, बादलीत हात घातला आणि बोटांनी इतक्या हळू ढवळलं, की दणका देणारा हाच का, असा प्रश्न पडावा.

पुढे अंडी वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये जातात. काही दिवसांनी ती इतकी नाजूक होतात, की कवचातून डोळ्यांचे दोन काळे ठिपके दिसेपर्यंत त्यांना धक्का लावायचा नाही. पिल्लं आधी पोटाला चिकटलेल्या बलकावर जगतात, मग दाण्यावर. चिनूक काही महिन्यांत ओढ्यात सुटतात, कोहो ही सॅमनची दुसरी जात साधारण वर्षभर जास्त राहते. सोडण्याआधी शेपटीजवळचा पाठीवरचा छोटा पर कापतात, हॅचरीचा मासा ओळखू यावा म्हणून. जन्माच्या पाण्याचा वास त्यांच्या डोक्यात बसतो, त्यावरून ते परततात, असं आजी म्हणाल्या. इथला सॅमन परतून अंडी घातली की मरतोच. त्याचा भाऊबंद स्टीलहेड ट्राउट मात्र कधीकधी अंडी घालून पुन्हा समुद्र गाठतो. चला, कोणीतरी सुटतं!

दोन दिवसांनी सिअ‍ॅटलच्या बॅलार्ड लॉक्सला, म्हणजे समुद्र आणि आतली तळी यांच्यामधल्या बोटींच्या जलद्वारांपाशी, गेलो. समुद्रातून इसाक्वाला जाणारा मासा इथूनच चढतो, आणि काचेआडून तो दिसतो. गर्दीत कोपर मारून मी पुढे झाले. एक कोहो प्रवाहाकडे तोंड करून जागच्या जागी शेपूट हलवत होता. अजून चंदेरी, टवटवीत. पाठीवर शेपटीजवळ पर नव्हता.

"आई, पार्किंगची वेळ संपतेय," लेक म्हणाला.

"संपू दे," म्हटलं.