कोळीण मावशी: अडलेला गाल अखेर सुटला!

मंडळी, कोळीण मावशींच्या पोर्ट्रेटमधला सावळा गाल काही केल्या जमेना म्हणून मागच्या वेळी रडत होतो, तो सुटला एकदाचा. कॅनव्हास तोच, १६ बाय २० इंच.

स्वीडिश चित्रकार झॉर्नच्या नावाच्या चार रंगांच्या पॅलेटवर (यलो ऑकर म्हणजे मातकट पिवळा, व्हर्मिलियन म्हणजे शेंदरी लाल, आयव्हरी ब्लॅक, पांढरा) उजेडाची बाजू बरी येत होती, पण सावलीत शिरलं की सगळं शेवाळी. आयव्हरी ब्लॅक मुळात निळसर, ऑकरमध्ये पडला की हिरवा होणारच. गोऱ्या चेहऱ्यावर तो खपतो, गुलाबीला सांभाळून घेतो. मावशींच्या गालावर मात्र कावीळ झाल्यागत दिसत होता. उजळवायला पांढरा घालावा तर रंग मेलाच. फ्लेश टिंटच्या, म्हणजे तयार 'कातडीच्या रंगा'च्या, गुलाबी ट्यूबचं तर नावच नको.

शेवटी काळा हद्दपार केला. सावलीला अल्ट्रामरीन निळा आणि ट्रान्सपरंट रेड ऑक्साइड (पारदर्शक तांबूस तपकिरी), पातळ, कॅनव्हासवरचा खालचा थर दिसेल इतकं. उजेडात ऑकर आणि किंचित कॅडमियम ऑरेंज. पांढरा फक्त हायलाइटला, तोही निळ्याचा थेंब घालून, कारण सावळ्या कातडीवर खिडकीतलं आकाश लख्ख उमटतं. गालफडावर तो एक फटकारा पडला आणि मावशी बघायला लागल्या! कानातली कुडीही त्या तपकिरीशेजारी नुसत्या ऑकरमध्ये सोन्याची वाटतेय.

सावलीसाठी असा पारदर्शक तपकिरी घेताना ट्यूबच्या नावावर जाऊ नका. मला मिळालेली एक 'बर्न्ट सिएना' ठार अपारदर्शक निघाली. ट्यूबवरचा पीआर १०१ हा रंगद्रव्याचा कोडही पुरत नाही, तो पारदर्शक आणि अपारदर्शक दोन्ही प्रकारांत येतो. कागदावर काळी रेघ ओढून वरून रंग फासा; रेघ दिसली तरच घ्या.

मावशींच्या मुलाचं टुमणं चालूच आहे, "काका, आईला जरा उजळ करा ना." नाही करणार. कॅलेंडरवर गोऱ्यापान देवी काय कमी झाल्या? त्याला अमृता शेर-गिलच्या १९३७च्या चित्रातली, बाजाराला निघालेली दक्षिणेतली सावळी माणसं दाखवली. गप्प बसला, पटलंय असं नाही.

पार्श्वभूमी गडद तपकिरी ठरली होती. पण हे लिहिता लिहिता डोक्यात आलं, मावशींच्या घराची भिंत मोरपंखी ऑइलपेंटची आहे! त्यापुढे हा नारिंगी तपकिरी पेटून उठेल. म्हणजे मागचं सगळं खरवडायचं. पुढचं ठरलेलं हलगीवाल्याचं स्केच आता नंतर.

केसांची कड ओल्यातच भिंतीत मिसळून घ्यावी, की सुकू द्यावी? अबोलीचा गजरा तिथेच टेकलाय, म्हणून विचारतो.