अजिंक्यताऱ्यावरचं श्रमदान: टेम्पोचं आधी विचारा

"दोन तासांचं हलकं काम आहे, नाश्त्याची सोय आहे, लहान मुलांनाही आणा," असं साताऱ्याच्या अजिंक्यतारा किल्ल्याच्या साफसफाईला बोलावताना आयोजकांनी फोनवर सांगितलं होतं. सकाळी सातला हातात घेतलेला कोयता आम्ही दुपारी दीडला खाली ठेवला. नाश्ता म्हणजे माणशी एक वडापाव, तोही साडेनऊलाच संपलेला. पोरांना घरी ठेवलं, एवढं एकच शहाणपण आमच्या हातून झालं.

आम्ही तिघं, मी, मेव्हणा आणि त्याची पुतणी. सांगलीचे. २०१९च्या पुरानंतर घराघरातून गुडघाभर गाळ उपसलेली माणसं आम्ही, पोत्यांना काय घाबरायचं, अशा तोऱ्यात गेलो होतो. पण गाळ सपाटीवर असतो. उतारावर पोतं उचलणं हे वेगळंच प्रकरण आहे, आणि ते सांगण्यासाठीच हा उपद्व्याप. बाकी प्रवासातलं पेठ नाका, कऱ्हाड, महामार्गावरची डायव्हर्जनं, स्टँडजवळचा लॉज, सगळं ठीकठाक.

रिक्षाचं मात्र सांगतो. पहाटे स्टँडवरून गडाच्या पायथ्याच्या 'चार भिंती' स्मारकापर्यंतचे अडीचशे घेतले. अंधार होता, थंडी होती, दिले. येताना पायीच आलो तर शहरातला पोवई नाका गाठायला अर्धा तासही लागला नाही. तुम्ही चालतच जा, अंग तरी गरम होईल. त्याखेरीज माणशी तीनशे 'किट'चे. किट म्हणजे एक टी-शर्ट आणि पांढरे कापडी हातमोजे, जे बाजारात तीस-चाळीस रुपयांना मिळतात. टी-शर्ट बरा आहे. हातमोज्यांना काचेपुढे काही अर्थ नाही. मेव्हण्याचा अंगठा पहिल्या अर्ध्या तासातच कापला. चामड्याचे हातमोजे स्वतःचे न्या, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन बरीच वर्षं झाली असतील तर ते आधी घ्या.

आता मूळ दुखणं. अजिंक्यताऱ्यावर डांबरी रस्ता वरपर्यंत जातो. त्यामुळे बाहेरच्याला वाटतं, इथं काय अवघड, गाडीतून उतरायचं आणि कागद वेचायचे. वरती गडावर खरोखर तसंच आहे. मंगळाई मंदिराच्या बाजूला नारळाच्या शेंड्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या, तळ्यांच्या काठाला द्रोण. ते काम तासाभरात उरकलं आणि ज्यांना फोटो काढायचे होते त्यांनी ते तिथंच काढून घेतले. खरा कचरा आहे रस्त्याच्या वळणांखाली. लोक संध्याकाळी वळणावर गाडी लावतात, खाली साताऱ्याचे दिवे बघत बसतात आणि मोकळी झालेली बाटली कठड्यावरून भिरकावतात. आम्ही गेलो तो जानेवारीतला पहिला रविवार, म्हणजे एकतीस डिसेंबरचा सगळा प्रसाद ताजाच होता.

तिसऱ्या वळणाखालचा तो पट्टा. मी मोजला, सत्तर पावलं. वर घाणेरीची काटेरी झुडपं, मध्ये कंबरेएवढं वाळलेलं कुसळीचं गवत, त्याखाली सुटा मुरूम. पाय टेकवला की वीतभर खाली सरकतो. हात टेकवावा तर गवतात काच. बिअरची मोकळी बाटली अर्ध्या किलोच्या आसपास भरते, चाळीस बाटल्या म्हणजे वीस किलोचं पोतं. ते पाठीवर घेऊन सत्तर पावलं वर, रस्त्यापर्यंत. मी पाच खेपा केल्या. तिसऱ्या खेपेला पोतं खालून फाटलं, फुटक्या काचेनं. सगळा माल पुन्हा खाली. मी तिथंच बसलो आणि जे बोललो ते पुतणीसमोर बोलायला नको होतं.

म्हणून फुटकी काच पोत्यात कधीही भरू नका. तेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा न्या, काच त्यात. अखंड बाटल्या तेवढ्या पोत्यात, त्या भंगारवाला घेतो, फुटक्या घेत नाही. आणि पोतं निम्मंच भरा. भरलेल्या पोत्याचा फोटो छान येतो, खांदा मात्र आठवडाभर वर होत नाही.

वरच्यांनी दगड सोडू नयेत, हेही सांगावं लागतं. १७००च्या एप्रिलमध्ये औरंगजेबाच्या फौजेनं मंगळाई बुरुजाखाली सुरुंग लावले, त्यातल्या एकाचा दगडमातीचा लोट खाली चढाईला उभ्या असलेल्या त्यांच्याच माणसांवर कोसळला. आमच्या वर सेल्फी काढणाऱ्या तीन पोरांनी तोच प्रयोग लहान प्रमाणात केला. नारळाएवढा एक धोंडा माझ्यापासून हातभरावरून गेला.

आणि कचरा खाली न्यायचा टेम्पो. आठला "टेम्पो निघालाय". दहाला "पोवई नाक्यावर आहे". बाराला चालकाचा फोन लागेना. तोवर कठड्याला एकवीस पोती रांगेत उभी, आणि आयोजकांपैकी अर्धे 'दुसऱ्या कार्यक्रमाला' गेलेले. उरलो आम्ही सतराजण. ज्यांच्या मोटारसायकली होत्या त्यांनी टाकीवर एकेक पोतं घेऊन गोडोलीपर्यंत फेऱ्या मारल्या. त्यांना दंडवत. पण माझं मत स्पष्ट आहे: कचरा खाली कशातून, कोण, किती वाजता नेणार आणि कुठे टाकणार, या प्रश्नाला सरळ उत्तर मिळालं नाही तर जाऊच नका. कठड्याला पोती रचून निघून जाणं म्हणजे दोन दिवसांनी कुत्र्यांनी फाडलेला तोच कचरा, वर तुमच्या टी-शर्टाची जाहिरात.

वैतागून अकराच्या सुमाराला मी पोत्यांचं काम सोडलं आणि पायवाटेवर काम करणाऱ्या एका आबांकडे गेलो. सत्तरीचे असतील. सोबत पहार, टिकाव आणि एक नातू. मला म्हणाले, "बसा जरा. पाणी प्या. आणि मग तो दगड धरा." चार भिंतीकडून वर येणाऱ्या जुन्या वाटेला पावसानं ओहोळ पडलाय, त्याचं काम चालू होतं. मला वाटत होतं की पायांनी वाट झिजते. आबा म्हणाले, "पायानं नाही, पाण्यानं खचतीया. माणसं वळण सोडून सरळ वर चढत्यात, त्या खाचेतनं पाणी धावतंय, मग पुढच्या वर्षी तिथं नाला." उपाय त्यांनी करून दाखवला. वाटेत दगडांची ओळ घालायची, पण काटकोनात आडवी नाही, तिरकी, खालचं टोक उताराच्या कडेला. दगडाचा दोन हिस्से भाग मातीत, एक वर. आणि पाणी बाहेर पडायला कडेला हातभर मोकळी चर, नाहीतर पहिल्याच वळवात ओळ गाळानं भरते आणि पाणी परत वाटेवर.

मेव्हणा उसाचा शेतकरी. तो बघून म्हणाला, "हे तर दारं धरल्यासारखंच की!" म्हणजे उसाला पाणी देताना ते सरीसरीत वळवल्यासारखं. आणि अंगठ्याला फडकं गुंडाळलेलं असतानाही त्यानं दोन ओळी एकट्यानं बसवल्या. वरचं आडवाटेचं तोंड आम्ही घाणेरीच्या काट्या लावून बंद केलं. घाणेरी नुसती कापली तर पावसात दुप्पट फुटते. मुळाच्या गड्ड्याखाली टिकाव घालून उपटायची आणि मुळं वर करून वाळत टाकायची. दोन तासांत पाच ओळी झाल्या. खरं सांगू, सकाळपासूनचा सगळा राग तिथं उतरला. पुन्हा कधी गेलो तर सरळ आबांच्या टोळीत जाणार, पोत्यांना हात लावणार नाही. तुम्हीही काम वाटून देतात तेव्हा आधीच 'वाटेचं काम' म्हणून सांगा, कारण तिकडे कोणी जात नाही. फोटोत काही दिसत नाही ना.

वरून सज्जनगड, यवतेश्वर, जरंडा सगळं स्वच्छ दिसत होतं. त्यावर बऱ्याच जणांनी लिहिलंय, ते वाचा.

आणखी दोन गोष्टी. पाणी माणशी तीन लिटर खालूनच न्या. आणि जाड पण गुळगुळीत कापडाची पायघोळ पँट घाला, लोकरी मोजे अजिबात नकोत. एसटीत कऱ्हाड येईपर्यंत मी मोज्यातली कुसळं काढत होतो आणि शेवटी मोजे पेठ नाक्यावर टाकून दिले. कचरापेटीतच.

एकवीसपैकी चार पोती राहिलीत. तिसऱ्या वळणावर, कठड्याच्या आतल्या अंगाला, पांढरी खताची पोती, तोंडाला निळी सुतळी. मोटारसायकलवरून जाणार असाल तर येताना एक घेऊन या.