नामवंत मालकाची जुनी बोट घेताना

जुनी शिडाची बोट घ्यायची ठरली तेव्हा कोणती घ्यायची हे माझ्या मनात पक्कं होतं: ‘एस अँड एस ३४’. स्पार्कमन अँड स्टीफन्स या न्यूयॉर्कच्या कंपनीने आखलेली, साडेतेहतीस फुटांची, फायबरग्लासची. समुद्र खवळला तरी ही बोट बिथरत नाही, आणि इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर दुसऱ्यांच्या बोटींवर क्रू म्हणून जाता जाता माझा तिच्यावर जीव जडला होता. तिचं नाव झालं ते ब्रिटिश राजकारणी एडवर्ड हीथ यांच्यामुळे. विरोधी पक्षनेते असताना त्यांनी ‘मॉर्निंग क्लाउड’ या आपल्या एस अँड एस ३४ वर १९६९ची ऑस्ट्रेलियातली सिडनी-होबार्ट शर्यत जिंकली आणि पुढच्या वर्षी ते पंतप्रधान झाले. २०१० मध्ये जेसिका वॉटसन ही सोळा वर्षांची ऑस्ट्रेलियन मुलगी याच मॉडेलच्या बोटीतून एकटीने, कुठेही न थांबता जगाला फेरी मारून सिडनीला परतली.

साउदॅम्प्टनजवळ हॅम्बल नदीवरच्या एका मरिनात, म्हणजे बोटी बांधून ठेवायच्या धक्क्यावर, अशी एक बोट विकायला आली. जाहिरातीत इंजिनाच्याही आधी एक नाव होतं. १९७०च्या दशकात ब्रिटिश टीव्हीवर घरोघरी ओळखला जाणारा एक नट म्हणे तिचा मालक होता. त्यांचं कुटुंब हयात आहे, म्हणून ते नाव इथे लिहीत नाही. तेवढ्याच वयाच्या, तशाच अवस्थेतल्या बोटींपेक्षा किंमत सहा हजार पौंडांनी जास्त होती. हे सहा हजार कशाचे, असं मी ब्रोकरला विचारलं. तो म्हणाला, “इतिहासाचे.”

हा मुद्दा मी हसण्यावारी नेला नाही. बोटीला इतिहास असतो आणि त्याची किंमत मोजावी लागली तरी माझी हरकत नसते. फक्त तो इतिहास खरा आहे का आणि तो बोटीचा आहे की माणसाचा, एवढं मला कळायला हवं होतं.

‘जिप्सी मॉथ ४’ घ्या. फ्रान्सिस चिचेस्टर १९६६-६७ मध्ये वाटेत फक्त सिडनीला थांबून तिच्यातून एकटे जगप्रदक्षिणा करून आले आणि राणीने त्यांना ग्रीनिचला ‘सर’ केलं. त्यानंतर ती बोट ग्रीनिचलाच ‘कटी सार्क’ या जुन्या जहाजाशेजारी कोरड्या गोदीत वर्षानुवर्षं उभी राहिली आणि कुजत गेली. शेवटी मुलांना नौकानयन शिकवणाऱ्या एका संस्थेने ती घेतली. किंमत होती एक पौंड आणि एक जिन-टॉनिक. ब्रिटनमधली कदाचित सर्वांत प्रसिद्ध शिडाची बोट एक पौंडात गेली, कारण तिला पुन्हा पाण्यात उतरवायला लाखो पौंड लागणार होते. कीर्तीमुळे ती भंगारात निघाली नाही आणि दुरुस्तीसाठी मदत करायला लोक पुढे आले, हे नावाचं मोल मी मनापासून मानते. पण विक्रीच्या कागदावर आकडा एकच पौंडाचा होता.

आपल्या मुंबईत सागवानात बांधलेली ‘सुहेली’ही अशीच. १९६८च्या जूनमध्ये फाल्मथहून निघालेले रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन ३१२ दिवसांनी तिच्यातूनच परतले. कुठेही न थांबता एकट्याने जगाला फेरी मारणारे ते पहिले. ‘सुहेली’चं नाव तिने स्वतः केलेल्या प्रवासाचं आहे. तिच्या फळ्यांनी दक्षिण महासागर सोसला. त्या बोटीला कोणी जास्त पैसे मोजले तर मला ते योग्यच वाटेल.

उलट उदाहरण आपल्याकडच्या बातम्यांमध्ये गाजलेलं. विजय मल्ल्या यांची ९५ मीटरची ‘इंडियन एम्प्रेस’ खलाशांचे पगार थकले म्हणून २०१८ मध्ये माल्टात अडकवून ठेवली गेली. पहिल्या लिलावात ४ कोटी ३५ लाख युरोंची बोली लागली, पण पैसे काही आले नाहीत. मग ती साडेतीन कोटींना गेली. एवढं गाजलेलं नाव, पण बोली लावणाऱ्यांना ते उपयोगी पडलं नाही.

मी ब्रोकरकडे पुरावा मागितला. त्याने कॉकपिटमध्ये, म्हणजे सुकाणूजवळच्या बसायच्या जागेत, बसलेल्या नटाचा एक फोटो पाठवला. फोटोत बोटीचं नाव दिसत नव्हतं आणि कॉकपिट तर या मॉडेलच्या कुठल्याही बोटीचं असू शकतं. नेमकं इथेच सावध राहायला हवं. ‘हीथ यांच्यासारखी बोट’ हे वाक्य दोन-तीन विक्रींनंतर ‘हीथ यांची बोट’ होऊन जातं, आणि त्यांची पहिली ‘मॉर्निंग क्लाउड’ तर १९७४ मध्येच जर्सी बेटाच्या किनाऱ्यावर वादळात फुटली.

ब्रिटनमध्ये अशा दाव्याचा खरेखोटेपणा तपासायला एक उत्तम सोय आहे. जहाज नोंदणीचा ‘पार्ट वन’ हा भाग मालकी हक्काची नोंद ठेवतो. ‘स्मॉल शिप्स रजिस्टर’ हा वेगळा आणि स्वस्त भाग. त्यात नोंद असली म्हणून मालकी सिद्ध होत नाही, आणि पुष्कळ बोटी फक्त तिथेच असतात. ही बोट सुदैवाने पार्ट वनमध्ये होती. तिचा अधिकृत क्रमांक आतल्या तुळईवर कोरलेला होता, तो मी टॉर्च लावून स्वतः वाचला. मग कार्डिफच्या कार्यालयात फी भरून उताऱ्यासाठी अर्ज केला. सातबाराचा उतारा वाचता येणाऱ्या माणसाला हा कागद परका वाटणार नाही. मालक कोण, कोणाकडून कोणाकडे हक्क गेला, बोजा काय, सगळं त्यात असतं.

या नोंदणीत प्रत्येक जहाजाचे ६४ हिस्से धरतात, ही फार जुनी रीत आहे. उताऱ्यात नटाचं नाव निघालं, म्हणजे दावा खोटा नव्हता. पण ६४ पैकी १६ हिस्से त्यांचे, बाकीचे तिघा मित्रांचे, आणि तेही जेमतेम दोन हंगाम. त्यानंतर बोट सहा हातांतून गेली होती. तिच्यावर त्यांनी एखादी शर्यत जिंकली, लांबचा प्रवास केला, असं कुठेच काही नव्हतं.

त्याच कागदावर खाली एक तारण होतं. १९९०च्या दशकातल्या एका मालकाने बोटीवर कर्ज काढलं होतं आणि ते फिटल्याची नोंद कधी झालीच नव्हती. नोंदवलेलं तारण माणसाबरोबर जात नाही, ते बोटीबरोबर राहतं. नामवंत मालक शोधायला गेले नसते तरी हा उतारा मी काढलाच असता, आणि बोट घेणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते की डिपॉझिट देण्याआधी तो काढा. कर्ज देणारी कंपनी आता दुसऱ्याच कंपनीत विलीन झाली होती. विक्रेत्याने पत्रव्यवहार करून तारण उतरल्याचा सहीशिक्क्याचा कागद मिळवला. त्यात हिवाळा गेला, पण तो कागद हातात आल्याशिवाय मी पुढे हलले नाही.

रत्नागिरीला माझा धाकटा आतेभाऊ ट्रॉलरच्या इंजिनांची कामं करतो. सर्व्हेच्या, म्हणजे तज्ज्ञाकडून बोट तपासून घेण्याच्या, आदल्या दिवशी त्याला फोन केला, तेव्हा तो म्हणाला, “ताई, आधी खालून बघ. पाणी कुठे मुरतंय ते बघ, मालकाचं नंतर.” बोट क्रेनने उचलली आणि सर्व्हेअरने हातोडीने ठोकून, ओलाव्याचं मीटर लावून तिचा तळ वीत वीत तपासला. तळ चांगला होता. सुकाणूच्या आधाराच्या भागात थोडा ओलावा निघाला. डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या स्टीलच्या तारा मात्र बदलायलाच हव्या होत्या. दहा-पंधरा वर्षांवर गेलेल्या तारांना इथल्या विमा कंपन्या सहसा तयार होत नाहीत. इंजिन दोनदा बदललेलं. शिडं, गाद्या, वायरिंग, स्टोव्ह सगळं नंतरचं. त्या नटाचा हात लागलेलं असं फक्त तळाचं कवच आणि डोलकाठी उरली होती.

विम्यासाठी तीन ठिकाणी विचारलं. तिघांनी सर्व्हेचा अहवाल मागितला, तारांचं वय विचारलं, बोट हिवाळ्यात कुठे ठेवणार ते विचारलं. आधीच्या मालकांबद्दल एकानेही विचारलं नाही. मी आपणहून विचारलं तेव्हा एकीने स्पष्ट सांगितलं की बोट बुडाली तर भरपाई तशाच दुसऱ्या बोटीच्या बाजारभावाने मिळेल. म्हणजे त्या सहा हजारांचा विमाच उतरत नव्हता. माझा निर्णय इथे झाला.

विक्रेते सत्तरीचे गृहस्थ होते आणि त्या नावाचा त्यांना मनापासून अभिमान होता. मी त्यांना उतारा दाखवला, नाव खरं असल्याचं आनंदाने सांगितलं आणि मग माझा आकडा मांडला. बाजारभावातून तारांचा खर्च वजा करून तो काढला होता आणि नावासाठी त्यात काहीच धरलं नव्हतं. त्यांना वाईट वाटलं. दोन आठवडे उत्तर आलं नाही. मग त्यांनी सुकाणूची दुरुस्ती स्वतः करून द्यायची तयारी दाखवली आणि आम्ही माझ्या आकड्याच्या थोडं वर थांबलो. ती वाढ मी दिली त्यांच्या फाइलसाठी. त्यात प्रत्येक ऑइल बदलाची आणि प्रत्येक रंगकामाची पावती तारखेसकट होती.

विक्रीखतावर ६४ च्या ६४ हिस्से माझ्या नावावर झाले. नव्या तारा बसल्यावरच विमा सुरू झाला, आणि पॉलिसीवर लिहिलेली बोटीची किंमत सर्व्हेअरने दिलेल्या आकड्याइतकीच आहे.