रिकाम्या बसचे आठ तास

सोमवार, रात्री साडेदहा

भोरच्या पुढे, घाटाच्या तोंडाशी असलेल्या एका जिल्हा परिषद शाळेत आज माझा जादूचा खेळ झाला. पहिली ते सातवीची मिळून बासष्ट पोरं, दोन गुरुजी, एक बाई, आणि कुंपणापलीकडे पदर सावरत उभ्या राहिलेल्या चार आज्या. वाढदिवसांचे आणि सोसायट्यांचे खेळ करून पोट भरतं. पण शाळेच्या व्हरांड्यात, सतरंजीवर बसलेल्या पोरांपुढे दोरीची गाठ सोडवताना जो आवाज उठतो, तो मला हॉलमधल्या टाळ्यांत कधीच ऐकू येत नाही.

माझ्या खेळाचे दोन भाग असतात. पहिल्यात रुमाल, दोरी, तीन वाट्या आणि चेंडू. यातलं गुपित मी कुणाला सांगत नाही, पोरांनी कितीही पायांत घोटाळलं तरी. दुसरा भाग चमत्कारांचा. त्यात लिंबू कापलं की रक्त निघतं, नारळावर तीर्थ शिंपडलं की शेंडी पेटते. हे दाखवून झालं की मी एकेक गुपित फोडते. सुरीच्या पात्यावर मिथाइल ऑरेंज लावून वाळवलेलं असतं आणि लिंबाच्या आंबटपणानं ते लाल होतं. शेंडीत पोटॅशियम परमँगनेटची पूड असते आणि तीर्थ म्हणजे ग्लिसरीन. आज हवेत गारठा होता, त्यामुळे नारळ लवकर पेटेना. मनात आकडे मोजत उभी राहिले. बावीसवर धुराची एक रेघ निघाली आणि सत्ताविसावर जांभळट ज्वाळ. शेजारी पाण्याची बादली आणि पोरं दहा फूट लांब, हा नियम मी कधी मोडत नाही.

गुपित फोडतेस म्हणून धंद्यातली काही माणसं माझ्यावर नाराज असतात. माझा हिशोब सरळ आहे. जो ‘हा खेळ आहे’ असं सांगून दाखवतो, त्याचं गुपित त्याचं. जो अंगात शक्ती आहे म्हणून दाखवतो आणि त्याचे पैसे घेतो, त्याचं गुपित सगळ्या गावाचं.

खेळ संपल्यावर पाचवीतली एक मुलगी सामान भरायला मदत करत होती. सुरी पुसता पुसता म्हणाली, “ताई, आमच्यात पण लिंबातनं रक्त आलं होतं. आजीनं त्या माणसाला दोन कोंबड्या आणि माझं पैंजण दिलं.” मग थोडं थांबून, “आता परत मिळंल का पैंजण?”

मला बोलता आलं नाही. गुरुजींनी ते ऐकलं होतं. संध्याकाळी तिच्या घरी जाऊन आजीशी बोलतो म्हणाले. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे, त्यात पोलीस निरीक्षकाला दक्षता अधिकारी म्हणून नेमायची तरतूद आहे, हे मी त्यांना सांगितलं. पण दहा वर्षांच्या पोरीच्या पैंजणापुढे कलम सांगताना जीभ जड झाली.

हे चमत्कार मी कॉलेजात असताना अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांकडून शिकले. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी समिती सुरू केली १९८९ मध्ये. ते आमच्या साताऱ्याचे, पेशानं डॉक्टर आणि कबड्डीचे पट्टीचे खेळाडू, भारताकडून खेळलेले. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर त्यांचा खून झाला. त्या पुलावरून जाताना मी आजही गाडी हळू करते. कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले, आणि तो आला त्यांच्या माघारी, त्याच डिसेंबरात.

आपल्याकडे जादूचा खेळ, डोंबाऱ्याचा खेळ, नाटकाचा खेळ, आणि मैदानावरचाही खेळच. एकच शब्द. बघणारा आणि दाखवणारा दोघांनाही ठाऊक असतं की हा खेळ आहे. हे ठाऊक असणं काढून घेतलं की मागे उरते ती लुबाडणूक.

मंगळवार

पैंजण डोक्यातून गेलं नाही. असा दिवस आला की मी गेम लावून बसते.

घरात याला ‘त्या मशीनपुढे बसणं’ म्हणतात. मी त्याला रियाज म्हणते. प्रेक्षकाची नजर कुठे वळवायची, आणि तो हरला तरी त्याला परत खेळावंसं कसं वाटवायचं, हे मी रंगमंचाइतकंच गेमांतून शिकले. २०२० मध्ये पुण्यात तयार झालेला ‘राजी’ आला तेव्हा मी दोन रात्री झोपले नव्हते. नायिका सर्कशीत कसरती करणारी पोर, भावाला शोधायला निघालेली. आमच्यातली एक जण गेमची नायिका झालेली बघून छाती भरून आली होती.

पण आज डोक्यात आहे ती बस.

पेन आणि टेलर हे अमेरिकेतले दोन जादूगार. तेही भोंदूंचं पितळ उघडं पाडणारे. १९९५ च्या सुमारास त्यांनी टीव्हीला जोडायच्या ‘सेगा सीडी’ या गेमच्या यंत्रासाठी एक गेम तयार करवून घेतला. मित्रांना गंडवायच्या युक्त्या त्यात भरलेल्या होत्या. तो प्रकाशित करणारी कंपनी बंद पडली आणि गेम दुकानात आलाच नाही. पुढे दहाएक वर्षांनी त्याची प्रत लोकांच्या हाती लागली. त्यातलाच एक भाग ‘डेझर्ट बस’. अॅरिझोनातल्या टूसानहून लास व्हेगासपर्यंत बस न्यायची. अंतर ३६० मैल, म्हणजे साधारण मुंबईहून गोवा. वेग ताशी ४५ मैलांच्या वर जात नाही, म्हणजे खरेखुरे आठ तास. मध्ये थांबवता येत नाही. बसमध्ये प्रवासी नाहीत, रस्त्यावर दुसरी गाडी नाही, बाजूला वाळवंट. बस जराशी उजवीकडे ओढते, त्यामुळे हात सोडून बसायची सोय नाही. रस्त्याखाली उतरलीच तर ती ओढून टूसानला परत नेतात, तेही खऱ्या वेळात. पोहोचलात की एक गुण. एक.

आणि याच गेमचं २००७ मध्ये काय झालं, तर कॅनडातल्या व्हिक्टोरियात विनोदी व्हिडिओ बनवणाऱ्या एका टोळक्यानं ठरवलं की लोक पैसे देतील तोवर आपण ही बस चालवायची आणि जमलेले पैसे ‘चाइल्ड्स प्ले’ या संस्थेला द्यायचे. ही संस्था २००३ पासून दवाखान्यांतल्या मुलांना खेळणी आणि गेम पुरवते. पहिला तास एक डॉलरला, पुढचा प्रत्येक तास सात टक्क्यांनी महाग. मी आज वहीत चक्रवाढ मांडली. चोवीस तास चालवायला ५८ डॉलर पुरतात. शंभर तासांना १२,३८१ लागतात. दरवर्षी ते कित्येक दिवस न थांबता पाळ्या लावून चालवतात. गातात, नाचतात, वस्तूंचे लिलाव करतात, आणि कोपऱ्यात एक जण स्टेअरिंग धरून बसलेला असतो.

गुरुवार

महिन्यातल्या एका गुरुवारी मी लहान मुलांच्या कॅन्सर वॉर्डात जाते. तिथली पेटी वेगळी. स्पंजचे चेंडू नाहीत, फुगे नाहीत, पिसं नाहीत, कारण पुसता येत नाही ते आत जात नाही. पत्ते प्लॅस्टिकचे, प्रत्येक पलंगापाशी सॅनिटायझरनं पुसायचे. रुमाल आदल्या रात्री उकळत्या पाण्यातून काढून, इस्त्री करून, बंद पिशवीत. हसणं मास्कच्या आत होतं, म्हणून इथे मी डोळ्यांकडे बघत खेळ करते.

खिडकीजवळचा लातूरकडचा अकरा वर्षांचा मुलगा पत्त्यांना कंटाळला होता. माझ्या पिशवीत लॅपटॉप बघून म्हणाला, “गेम हाय का त्यात?” मी ‘सेलेस्टे’ लावला. एक मुलगी डोंगर चढते, त्याचा हा २०१८ चा गेम, आणि भलता अवघड. त्याच्या डाव्या हाताला सलाईन होतं. मग आम्ही वाटणी केली. दिशेची बटणं त्याच्या उजव्या हाताखाली, उडीचं बटण माझ्याकडे. तो “हां!” म्हणाला की मी दाबायचं. सुरुवातीला आमचे ‘हां’ जुळेनात. पोरगी चौदा वेळा काट्यांवर पडली.

या गेममध्ये मदतीची सोय आहे. वेग दहा-दहा टक्क्यांनी कमी करता येतो. मी ७० टक्के केला.

“ही चीटिंग नाय का?”

“गेम बनवणाऱ्यांनीच दिलंय. लपवून काही नाही, हे बघ, पाटीवरच लिहिलंय.”

तो थोडा वेळ विचार करत राहिला. मग म्हणाला, “ऐंशी कर.”

ऐंशीवर आम्ही ती दरी ओलांडली. त्यानं उजव्या हाताची मूठ गादीवर आपटली आणि सलाईनच्या स्टँडवरची बाटली हलली. सिस्टर धावत आल्या. बाटली बघितली, त्याच्याकडे बघितलं आणि काही न बोलता बाजूच्या स्टुलावर बसून पुढची दरी बघत राहिल्या.

निघताना सिस्टरांना विचारलं, इथे काय हवंय? त्यांनी लगेच सांगितलं. दोन टॅब, पुसता येतील अशा सिलिकॉनच्या कव्हरांसकट. एका हातानं धरता येईल असा एक स्टँड. आणि चुंबकाची सापशिडी, कारण पुठ्ठ्याची लगेच टाकून द्यावी लागते.

शुक्रवार

ठरलं. रविवारी बस चालवायची. आपला दर पहिल्या तासाला ५०० रुपये, पुढे तसाच सात टक्के. आठव्या तासाचे ८०३ होतात, आठांचे मिळून ५,१३०. आमच्या गल्लीला आणि गोतावळ्याला हा एक हप्ता झेपेल, आणि असे हप्ते देणारे कितीही असू देत. मी मोबाइलवर सगळ्यांना कळवलं. मावशीचा फोन आला, “म्हणजे तू नुसती बसणार आणि आम्ही पैसे द्यायचे?” हो मावशी, पण आठ तास. तिनं तिसरा तास घेतला. मागोमाग मामेभावानं पहिले दोन.

रविवार, रात्री उशिरा

आज सगळं लिहून ठेवायचंय.

मित्राकडून गेमचं स्टेअरिंग आणलं आणि जेवणाच्या टेबलाला आवळून बसवलं. सकाळी नऊला टूसान सोडलं. पहिले दोन तास मी. तासाभरानं अण्णा पेपर हातात घेऊन मागे येऊन उभे राहिले.

अण्णा एसटीत ड्रायव्हर होते, एकतीस वर्षं. मुक्कामी गाड्या, रातराण्या, पंढरीच्या जादा गाड्या. माझ्या गेमकडे त्यांनी आजवर ढुंकून बघितलं नव्हतं. आज दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, “ही उजवीकडे ओढतीय. समोरच्याच्या अंगावर जाईल.”

“अण्णा, अमेरिकेत उजव्या बाजूनं चालवतात. ही खाली वाळूत उतरेल.”

“मग तर कायम धरून ठेवायला लागणार. असली गाडी रूटवर सोडायचीच नाही. डेपोत लावायची, मेकॅनिकला सांगायचं.” मग खुर्ची ओढून, “पॅसेंजर किती?”

“एकही नाही.”

याचं त्यांना खरंच वाईट वाटलं. रिकामी गाडी पिटाळायचं दुःख काय असतं ते मला सांगितलं. खड्डा पोटात लागतो म्हणाले, आणि मागून कुणाचा आवाज नसला की झोप येते. अकरा वाजता माझी पाळी संपली तेव्हा “सर बाजूला” म्हणाले.

माझी भाची कंडक्टर झाली. दर तासाला घंटी दोनदा वाजवायची आणि वहीत वेबिल लिहायचं, कुणाचा तास आणि किती रुपये. अण्णा बसले ते बसलेच. मी दोनदा म्हटलं, उठा, पाय मोकळे करा. नाही. दोन्ही हात स्टेअरिंगवर, मनगट जरासं डावीकडे, ओढ अशी मारलेली की बस रेघेवरून हलली नाही. लहानपणी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवरून मी हीच मनगटं बघत साताऱ्याहून कोल्हापूरला गेलेय. गेम खेळणारे ज्याला कौशल्य म्हणतात ते माझ्या घरात माझ्या जन्माआधीपासून होतं, आणि मला ते आज दिसलं.

पाचेक तासांनी काचेवर एक किडा आपटतो. एवढ्या प्रवासात घडणारी हीच काय ती घटना. भाची किंचाळली. अण्णा म्हणाले, “वायपर?” वायपर नाही. त्यांनी आपला चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

सहाव्या तासाला सिस्टरांनी वॉर्डातून व्हिडिओ कॉल लावला. खिडकीजवळचा तो मुलगा होता. आज डावा हात मोकळा होता. आज्या करतात तशी त्यानं विचारपूस केली, “आजोबा, जेवलात का? कुठवर आलात?”

“आलो, आलो. स्टँड जवळच आहे. सामान खाली काढून ठेव.” ड्रायव्हरांचं हे वाक्य मी हजारदा ऐकलंय. तो पोरगा इतका हसला की त्याच्या आईनं फोन हातात घेऊन आम्हाला नमस्कार केला.

मग शेजारचे आले. खालच्या मजल्यावरच्या काकू पोहे घेऊन आल्या आणि बघता बघता सोफ्यावर बसूनच राहिल्या. सातव्या तासाला खोलीत अकरा माणसं होती आणि कुणी बोलत नव्हतं. सगळे एका रिकाम्या रस्त्याकडे बघत होते. काकूंनी पर्समधून पाचशेच्या दोन नोटा काढून वहीत ठेवल्या. कुणी मागितल्या नव्हत्या.

पाच वाजून गेल्यावर बस लास व्हेगासला लागली. पडद्यावर आकडा उमटला, १. भाचीनं टाळ्या वाजवल्या, डबल बेल दिली आणि वेबिलाची बेरीज वाचली. १७,८९० रुपये. एक टॅब, कव्हर, स्टँड आणि चुंबकाची सापशिडी यात होईल. दुसऱ्या टॅबला कमी पडतंय.

अण्णांनी बोटं उघडमीट करून मोकळी केली. पडद्याकडे बघत होते.

“परतीची गाडी किती वाजता सुटते?”

“अण्णा, परत आठ तास लागतील.”

“ते कळलं. चहा ठेव.”