पोहता येत नाही? मग नराराला चला

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. "आम्हाला पोहता येत नाही, मग कच्छच्या आखातातल्या सागरी राष्ट्रीय उद्यानात जाऊन आम्ही बघणार काय?" असं मला बरेच जण विचारतात. त्याच उद्यानातल्या नरारा या किनाऱ्यावर पोहावंच लागत नाही. तिथे समुद्र मागे सरतो आणि आपण त्याच्या तळावरून चालत जातो.

जामनगरकडचं हे उद्यान १९८२ साली झालं, भारतातलं हे पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान. आखात आत अरुंद होत जातं, म्हणून भरतीचं पाणी खूप चढतं आणि ओहोटीला तितकंच दूर ओसरतं. तेव्हा जायचा दिवस रविवार बघून ठरवू नका, तिथी बघा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासचं उधाण हवं; भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या कमी चढउताराच्या दिवसांत, पाणी पुरेसं उतरत नाही. हिवाळा उत्तम. वनखात्याची परवानगी आणि स्थानिक वाटाड्या घ्या. गटाने जाणार असाल तर तंबूतल्या निसर्ग शिबिराची चौकशी आधी करा, कारण सकाळची ओहोटी गाठायची तर जवळ मुक्काम असलेला बरा. पायात कॅनव्हासचे बूट हवेतच, प्रवाळाचे खडक तळवे कापतात.

तिवरं मागे पडली की चाल मंदावू द्या. घोटाभर पाण्यात समुद्रफुलं (सी अ‍ॅनिमोन, फुलासारखे दिसणारे प्राणी) उघडलेली असतात, धक्का लागला की मिटतात. कपारीत नुसता एक डोळा दिसतो. जरा थांबलं की तो 'दगड' हलतो, एक हात पुढे टाकतो, वाळूवर येईपर्यंत वाळूच्या रंगाचा होतो. ऑक्टोपस असा बघावा, त्याच्या जागी.

एक मात्र कळकळीने सांगते. वाटाड्याला निघतानाच सांगा, आमच्यासाठी काही उचलू नका. फोटोसाठी पफर मासा हातात घेतात, तो टम्म फुगतो, लोक हसतात. तो जिवाच्या भीतीने फुगलेला असतो, आणि पाण्याबाहेर गिळलेली हवा बाहेर टाकणं त्याला जड जातं. वाटाड्यांना दोष देत नाही. आधीच्या पाहुण्यांनीच ते मागितलेलं असतं. आपण वाकून बघू म्हटलं की तेही खुशीने थांबतात, आणखी चार कपारी दाखवतात.

आणि त्यांनी परत फिरा म्हटलं की लगेच फिरा. सपाट तळावर भरती समोरूनच येते असं नाही, बाजूच्या खाड्या आधी भरतात.