सेलिकाची लिफ्ट: थंडपणी लागते, तापल्यावर नाही (उत्तर सापडलं)

लागली!

माझ्या टोयोटा सेलिकाची लिफ्ट, म्हणजे वरच्या आरपीएमला (इंजिनचे मिनिटाला फेरे) व्हॉल्व्ह जास्त उघडणारी इंजिनातली यंत्रणा, अखेर लागली. काल इंजिन पुरतं तापलेलं असताना, रिकाम्या सरळ रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये काटा ६,२०० आरपीएम ओलांडून गेला आणि गाडीने तो सूर लावला ज्यासाठी मी साडेचार महिने कान लावून बसले होते. शेजारी धाकटा भाऊ मांडीवर वही घेऊन बसला होता. "ताई, लागली! परत कर, परत कर!" परत केलं. चार प्रयत्न, चारही वेळा लागली.

मागच्या नोंदीत "आता ऑइल पंप उतरवणार" असं लिहून मी थांबले होते. पंप जागच्या जागी आहे आणि तिथेच राहणार आहे. मधल्या काळात काय झालं ते सविस्तर लिहिते, कारण टू-झेडझेड, म्हणजे या सेलिकातलं इंजिन बाळगणाऱ्या कुणावरही ही वेळ येऊ शकते.

लक्षण तुम्हाला आठवत असेल. गाडी सुरू केल्यावर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) ६०° सेल्सियसच्या वर गेलं की पहिली दहाएक मिनिटं लिफ्ट अगदी व्यवस्थित लागायची. मग कधी लागायची, कधी हुकायची. अर्ध्या तासाने पूर्ण बंद. ६,२०० च्या पुढे इंजिन नुसतं दम लागल्यासारखं ओढत राहायचं. इंजिनचा इशाऱ्याचा दिवा नाही, दोषाचा एकही कोड नाही. रात्रभर उभी राहिली की सकाळी पुन्हा शहाण्यासारखी.

या इंजिनात नवीन असलेल्यांसाठी थोडक्यात: कॅमवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या फिरत्या दांड्यावर) प्रत्येक सिलिंडरच्या व्हॉल्व्ह-जोडीसाठी दोन प्रकारचे उंचवटे आहेत. रोजच्या चालीचा बुटका उंचवटा रॉकरच्या (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या तरफेच्या) रोलरवर चालतो. उंच उंचवटा रॉकरमधल्या एका पॅडवर आपटत असतो, पण तो पॅड सैल असतो, नुसता वरखाली होतो आणि व्हॉल्व्हला काही सांगत नाही. ठरावीक आरपीएमला ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह रॉकर शाफ्टमध्ये दाबाचं ऑइल सोडतो, त्या दाबाने एक पिन सरकून पॅडखाली येते, पॅड घट्ट होतो आणि उंच उंचवटा कामाला लागतो. यामाहाने टोयोटासोबत घडवलेली ही रचना मला आजही थक्क करते. १,७९६ सीसी, टर्बो नाही, आणि तरीही वरच्या टोकाला गाडी जणू दुसरंच इंजिन काढून दाखवते. पण सगळी भिस्त ऑइलच्या दाबावर. पिनपर्यंत दाब पोचला नाही तर लिफ्ट नाही.

म्हणून मी सुरुवात ऑइलपासूनच केली. पातळी बरोबर. (फिल्टरसकट ४.४ लिटर मावतं, आणि अर्धा लिटर कमी असलं तरी वळणावर लिफ्ट सुटल्याचे किस्से लोटस एलिसवाल्यांनाही पाठ आहेत, त्यांचंही इंजिन हेच.) मग कंट्रोल व्हॉल्व्हची बारीक जाळी काढून धुतली. तिच्यात काळा चिकट थर होता, जाळी स्वच्छ झाल्याचं समाधान मिळालं, लिफ्ट काही मिळाली नाही. मग तो कंट्रोल व्हॉल्व्हच. मीटरवर ७.३ ओहम, म्हणजे ठीक. बॅटरीचे १२ व्होल्ट दिले तर खटकन आत जात होता. तरीही मी नवीन घेतला, कारण तोवर डोक्यात तोच घर करून बसला होता. नवीन बसवला, फरक शून्य. चांगल्या भागाला नुसत्या संशयावरून बदलायचं नाही, हे मी इतरांना सांगत आले आहे, आणि यावेळी माझ्याकडूनच ते झालं. जुना व्हॉल्व्ह जपून ठेवला आहे, तो निर्दोष आहे.

मग ऑइल बदलताना ५डब्ल्यू-३० ऐवजी, गरम झाल्यावरही जास्त जाड राहणारं ५डब्ल्यू-४० घातलं. लिफ्ट दहा मिनिटांऐवजी वीस-बावीस मिनिटं टिकली! हा सगळ्यात मोठा धागा होता आणि मी तो उलटा वाचला. जाड ऑइलने फरक पडतो, म्हणजे पंप थकलाय, असा अर्थ मी लावला. या इंजिनाच्या पंपाच्या चाकांची ख्याती आपल्याला ठाऊकच आहे. तिसऱ्यातून चौथ्यात जाताना हात चुकून दुसऱ्यात गेला की रेव्ह मर्यादेच्या पार जातात आणि पंपाची चाकं तडकू शकतात. माझ्या आधीच्या मालकाचा हात कसा होता ते मला माहीत नाही. म्हणून मागच्या नोंदीत पंपाचा बेत लिहिला होता.

पंपाला हात लावण्याआधी एक काम केलं, आणि त्यानेच पंप वाचवला. ऑइल प्रेशरचा सेन्सर काढून तिथे साधा काट्याचा गेज लावला. तारा नाहीत, स्क्रीन नाही, पितळी नळी आणि काटा. इंजिन पूर्ण गरम करून ३,००० आरपीएमला धरलं, काटा ३.४ बारवर निवांत उभा. आयडलवर खाली आला, पण मर्यादेच्या आत. म्हणजे पंप आपलं काम चोख करतोय. ब्लॉकमध्ये (इंजिनच्या खालच्या भागात) दाब आहे आणि हेडमध्ये (वरच्या भागात) पिनपर्यंत पोचत नाही, तर मधे कुठेतरी गळतंय. थंड जाड ऑइल त्या फटीतून कमी गळतं, गरम पातळ ऑइल भसाभस. आणि ५डब्ल्यू-४० ने वेळ का वाढला तेही इथेच जुळलं. त्या रात्री गॅरेजमध्ये उभ्या उभ्या हे उलगडलं तेव्हा मला झोप येईना.

दुसऱ्या दिवशी टॅपेट कव्हर, म्हणजे हेडवरचं झाकण उघडलं.

चारही इग्निशन कॉइल काढताना एका कनेक्टरची खिटी मोडली. इतक्या वर्षांच्या उष्णतेने हे प्लॅस्टिक बिस्किटासारखं झालंय, तुम्ही काढाल तेव्हा आधी हेअर ड्रायरने जरा गरम करा. कव्हर हलक्या हाताने उचललं. आत सगळं मधाच्या रंगाचं, गाळ नाही, चेनही सरळ. हे बघून फार बरं वाटलं. चेनच्या खळग्यात काही पडू नये म्हणून स्वच्छ फडकी कोंबली. हे विसरू नका, पुढे कळेल का.

गळतीचा संशय होता तो रॉकर शाफ्ट धरणाऱ्या लिफ्ट बोल्टांवर. ते दोनच असतात, इनटेकच्या रॉकर शाफ्टला एक आणि एक्झॉस्टच्या शाफ्टला एक. डोकं, खाली आटे, आणि त्याखाली एक बारीक मान. शाफ्टला जागेवर धरणं आणि तिथून ऑइल निसटू न देणं हे त्याचं काम. शाफ्ट वर्षानुवर्षं तिथल्या तिथे थरथरत राहतो आणि मान झिजवत राहतो.

इनटेकचा बोल्ट बाहेर आला तो पांढऱ्या फडक्यावर ठेवला. मानेला एका बाजूने चकचकीत खोबण पडली होती, नखाने चाचपली तर नख अडकत होतं. व्हर्नियर (बारीक मापं घेणारी मोजपट्टी) लावला, चांगल्या बाजूपेक्षा जवळजवळ मिलिमीटरभर धातू गायब. म्हणजे एक गळती सापडली. एक्झॉस्टच्या बोल्टला पाना लावला तर तो नको इतका सहज फिरला. वर आला तो अर्धाच. मान तुटलेली, खालचा तुकडा आत शाफ्टच्या भोकात.

इथे मी अर्धा तास नुसती बसून राहिले. तो तुकडा खाली ढकलला गेला असता तर पुढे काय काय उघडावं लागलं असतं याचा हिशोब मनात चालू होता. भावाने टॉर्च धरला. माझ्याकडे दोन चुंबकी काड्या आहेत. लांब घडीवाली, जिचं टोक जाड आहे, ती भोकाच्या कडेलाच चिकटत होती आणि आत जातच नव्हती. दुसरी पेन्सिलएवढी बारीक, मी कधीतरी शिवणाच्या सुया उचलायला घेतलेली. तिला टोक सोडून बाकी सगळीकडे टेप गुंडाळली, म्हणजे भोकाच्या भिंती तिला ओढणार नाहीत. पहिल्यांदा निसटला. दुसऱ्यांदा अर्ध्यावर येऊन निसटला आणि मला वाटलं गेला. तिसऱ्यांदा अगदी हळू, श्वास रोखून. टक् असा बारीक आवाज आला आणि तुकडा काडीच्या टोकाला लटकत वर आला. दोन्ही अर्धे जुळवून बघितले, पूर्ण जुळले, एकही कण आत राहिलेला नाही. जुळलेला बोल्ट आता हत्यारांच्या पेटीत एका डबीत आहे.

नवीन बोल्टांची गोष्ट वेगळीच. टोयोटाने नंतरच्या काळात सुधारित बोल्ट काढले, हे आपल्यात सगळ्यांना माहीत आहे. मी घाईत एका विक्रेत्याकडून 'सुधारित' म्हणून जोडी मागवली. पिशवीवर टोयोटाचा छाप नाही, आणि व्हर्नियरने मोजलं तर मान जुन्याइतकीच बारीक, आट्यांच्या कडाही खरखरीत. परत पाठवले. नंतर अधिकृत पार्ट विभागातून मागवले, आठ दिवस जास्त लागले, पण हातात घेताच फरक कळला. या दोन बोल्टांच्या बाबतीत नकली किंवा 'तसाच दिसणारा' माल घेऊ नका. किंवा घेतलाच तर आधी जुन्याशेजारी ठेवून मोजा. गाडी अजून दोन आठवडे उभी राहिली तर राहू दे.

बसवताना लागणारी एकच खास वस्तू म्हणजे छोटा टॉर्क पाना. आपल्यापैकी बऱ्याच जणांकडे चाकांच्या नटांसाठीचा मोठा असतो, तो ४० न्यूटन-मीटरपासून सुरू होतो आणि इथे काही कामाचा नाही. टॅपेट कव्हरचे बोल्ट १० च्या आसपास आवळायचे असतात, तिथे मोठ्या पान्याने आणि अंदाजाने आटे जातात. मी ५ ते २५ वाला पाना वर्षापूर्वी घेतला, आणि गॅरेजमधली कुठलीही वस्तू मी त्याच्याइतकी जपत नाही. कव्हरची गास्केट आणि स्पार्क प्लगच्या विहिरींची सीलं नवीन घातली. चेनचं कव्हर हेडला मिळतं त्या दोन सांध्यांवर सीलंटचा थेंब दिला. हा थेंब राहिला तर महिन्याभरात तिथून ऑइल पाझरू लागतं, माझ्याच गाडीत ते आधी कुणीतरी विसरलं होतं आणि ती बाजू कायम ओली असायची.

ऑइल परत ५डब्ल्यू-३०. जाड ऑइलच्या कुबड्या न घेता लिफ्ट लागली तरच काम झालं, असं ठरवलं होतं. पन्नास मिनिटं चालवली, थांबून परत निघालो, मग ते चार प्रयत्न. वहीत भावाने वेळ आणि कूलंटचं तापमान लिहिलं आहे, आणि चौथ्या ओळीपुढे मोठ्ठी बरोबरची खूण.

लहान लहान आनंदही सांगते. चेन टेन्शनरची ओ-रिंग याच वेळी बदलली. खालून दिसणारा तो ऑइलचा डाग याचाच होता. प्लंजर परत दाबून हूक अडकवायचा आणि टेन्शनर बाहेर असताना इंजिन फिरवायचं नाही, एवढंच लक्षात ठेवायचं. मागच्या दाराचे गॅसचे दांडेही बदलले, त्यामुळे आता डोक्याने दार पेलत सामान काढावं लागत नाही. हेडलाइटचा पिवळेपणा १,००० च्या कागदापासून ३,००० पर्यंत घासून काढला. त्यावर अतिनील किरण रोखणारं लॅकर मारायचं राहिलंय.

पुढचा बेत क्लचचा होता. पण हे लिहिता लिहिता वहीतले आकडे परत बघितले आणि एक गोष्ट खुपली. ईसीयू (इंजिनचा संगणक) लिफ्टला परवानगी देतो ती कूलंट ६० च्या वर गेल्यावर. कूलंट तिथे लवकर पोचतं, ऑइलला बराच वेळ लागतो. म्हणजे मी पहिल्या दहा मिनिटांत ज्या 'चांगल्या' लिफ्टने खूश व्हायचे, तेव्हा ऑइल अजून थंडच असायचं, आणि त्या थंड ऑइलवर ७,५०० पर्यंत खेचत मी बेअरिंगवर ताण टाकत होते. त्यामुळे क्लच मागे. आधी ऑइल फिल्टरखाली सँडविच प्लेट (फिल्टर आणि इंजिनच्या मधली चकती) बसवून तापमानाचा सेन्सर आणि तोच साधा काट्याचा प्रेशर गेज कायमचा लावणार. गेज डॅशवर कुठे बसवायचा हे ठरत नाहीये. ए-पिलरवर (पुढच्या काचेशेजारच्या खांबावर) लावला की वळणावर डोळ्याआड येतो, आणि स्टिअरिंगमागे जागा नाही. मधल्या कप्प्यात, रेडिओखाली, झाकण काढून बसवता येईल असं आत्ता वाटतंय. उद्या पुठ्ठ्याचा साचा कापून बघते. ज्यांनी सातव्या पिढीच्या सेलिकाच्या डॅशमध्ये ५२ मिलिमीटरचा गेज बसवलाय त्यांनी खोली किती मिळाली ते सांगा.

आणि हो, बोल्ट दोन वर्षांनी परत काढून बघणार. तारीख टॅपेट कव्हरच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवली आहे.