दादाने वाक्य पूर्ण करूच दिलं नाही

जय ख्रिस्त सर्वांना 🙏 आज घोरपडीला दादाकडे गेले होते, तब्बल ८ महिन्यांनी. त्याच्याकडून घेतलेले ४० हजार द्यायचे राहिले आणि लाजेने मी त्याचे फोनच उचलणं बंद केलं, वहिनी आजारी होती तेव्हासुद्धा गेले नाही. स्वारगेटपासून बसमध्ये एकच वाक्य घोकत होते, दादा मी हप्त्याहप्त्याने देते पण रागावू नकोस. दार त्यानेच उघडलं, हाताला कणीक लागलेली, मी सुरुवात केली तर म्हणतो अगं आधी आत ये, ऊन किती आहे, आणि तोच कणकेचा हात डोक्यावर ठेवला. केसात पीठ घेऊन मी रडत बसले.

बायबलमधल्या लूकच्या १५ व्या अध्यायातला, बापाचा पैसा उधळून घरी परतणारा धाकटा मुलगा आठवला. तोपण पाठ करून निघाला होता की मला तुमच्या एखाद्या मजुरासारखं ठेवा, पण बाप लांबूनच बघून धावत सुटला आणि ते मजुराचं वाक्य त्याला बोलूच दिलं नाही, झगा आणा अंगठी आणा जोडे आणा. उपासनेत कितीदा ऐकलंय पण खरं सांगते, मी कायम घरीच राहिलेल्या थोरल्या भावाच्या बाजूने असायचे, राबला तो ना. बायबलमधल्याच रोमकरांस पत्राच्या ५ व्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो, आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला. सुधारल्यावर नाही... असतानाच. हा एक शब्द आज गळ्याशी अडकलाय.

निघताना वहिनीने डब्यात चपात्या बांधून दिल्या. पैशांचा विषय दोघांनीही काढला नाही. डबा समोर ओट्यावर आहे, अजून कोमट आहे.